बिनतोड पान

'बिनतोड' हा आपल्या भाषेतला कौतुकाचा शब्द आहे. वकिलाचा युक्तिवाद बिनतोड असतो, वक्तृत्व स्पर्धेत पहिल्या आलेल्याचे भाषण बिनतोड असते आणि वर्गात एखाद्याने पटकन दिलेले उत्तरही बिनतोड असते. ज्याला तोड नाही ते श्रेष्ठ, असा साधा हिशेब. परंतु हाच शब्द पत्त्यांच्या डावात शिरला की त्याचा अर्थ फिरतो. ज्या डावात एखादे पान बिनतोड आहे तो डाव खेळण्याच्या लायकीचा राहत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे आणि ते मांडण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

पत्त्यांचे नाव निघताच वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, याची मला कल्पना आहे. महाविद्यालयाच्या वार्षिकांकात पत्त्यांवर लेख कशासाठी, असेही कुणी विचारील. त्यांना नम्रपणे एवढेच सांगायचे की, वसतिगृहात रात्री दहानंतर काय चालते याची खरी हकीगत अंकात कुठेतरी यायला हवी. अंकात कविता येतात, सहलीची वर्णने येतात, थोरांची चरित्रे येतात. मोबाईलवर बोटे फिरवीत बसलेल्या मुलांविषयी मात्र 'पिढी बिघडली' या दोन शब्दांपलीकडे कुणी काही लिहीत नाही. पिढी बिघडली की नाही हे ठरवण्यापूर्वी ती काय खेळते, आणि त्या खेळात काय बिघडले आहे, हे पाहणे न्यायाचे होईल.

आमच्या वसतिगृहात सध्या मोबाईलवरचा एक पत्त्यांचा खेळ जोरात आहे. त्याचे नाव मुद्दामच देत नाही, कारण भांडण एका कंपनीशी नाही. हे पत्ते म्हणजे बदाम, इस्पिक, किलवर, चौकट नव्हेत. प्रत्येक पानावर एक चित्र, एक किंमत आणि त्या पानाने काय साधते हे सांगणारे एखादे वाक्य असते. शेकडो पानांतून तीसेक पाने निवडून प्रत्येकाने आपला जोड तयार करायचा आणि समोरच्याशी खेळायचे. प्रत्येक पाळीला थोडी थोडी शक्ती मिळते, ती खर्चून पान टाकायचे. खेळ बुद्धीचा आहे. पान निवडताना अंदाज लागतो, टाकताना धीर लागतो आणि समोरच्याच्या मनात काय आहे ते ओळखावे लागते.

या खेळात गेल्या पावसाळ्यात एक नवे पान आले. आमच्या मजल्यावर त्याचे नाव पडले 'सावकार'. वऱ्हाडातल्या मुलांना हे नाव सुचायला फार विचार करावा लागला नाही. या पानाची किंमत अवघी तीन. ते एकदा पटावर बसले की समोरच्याच्या प्रत्येक पाळीच्या आरंभी त्याच्या हातातले एक पान नाहीसे करते. हातात पान उरले नाही तर जीव कापते. आणि मुख्य म्हणजे, या पानावर दुसरे कोणतेही पान चालत नाही. ते मारता येत नाही, उचलता येत नाही, झाकता येत नाही. तिसऱ्या पाळीला सावकार बसला की सातव्या-आठव्या पाळीला डाव आटोपतो. मधल्या काळात ज्याच्याकडे सावकार आहे त्याने फक्त 'पाळी संपली' या बटणावर बोट ठेवायचे, आणि ज्याच्याकडे नाही त्याने आपली पाने एकेक करून जाताना पाहायची. त्यात प्रत्येक पान जाताना तो चित्रातला म्हातारा हसतो आणि नाण्यांचा खणखणाट होतो. हे हसणे टाळण्याची सोय खेळात ठेवलेली नाही.

मी भाषेचा विद्यार्थी आहे, म्हणून या पानावरच्या वाक्याकडेही माझे लक्ष गेले. मूळ इंग्रजी वाक्याचा मराठीत अर्थ सांगायचा तर 'हातातील कोणतेही एक पान टाकले जाते' असा होईल. टाकले जाते, पण निवडतो कोण? ज्याचे जाते तो, ज्याचा सावकार आहे तो, की यंत्र? कर्मणी प्रयोगात कर्ता लपवता येतो, हे आपण व्याकरणात शिकतो. अर्ज-विनंत्यांच्या उत्तरांत त्याचा प्रत्ययही येतो. पण खेळाच्या नियमात कर्ता लपला तर खेळणाऱ्याने विचार कशाच्या आधारावर करायचा? आपले हुकमी पान राहील की जाईल, हेच ठाऊक नसेल तर डाव आखण्यात अर्थ नाही. वाईट पानाची सुरुवात पुष्कळदा वाईट वाक्यात असते.

कुणी म्हणेल, 'अरे, बलवान पान कोणत्या खेळात नसते? हरलास म्हणून रडतोस.' हा आक्षेप नीट तपासला पाहिजे. माझ्या खोलीतला मित्र एका रात्री सलग चार डाव सावकाराने गिळल्यावर मोबाईल उशीखाली टाकून म्हणाला, "हरलो त्याचं काही नाही बे, पण तो मले खेळूच नाही देऊन रायला." माझ्या मते या एका वाक्यात सगळी फिर्याद आली. हरणे हा खेळाचा भाग आहे. खेळू न देणे हा खेळाचा भाग नाही.

बलवान पान आणि बिनतोड पान यांतला भेद समजायला दूर जाण्याची गरज नाही. आपल्याकडचा मेंढीकोट पाहा. मे महिन्यात अकोल्याला दुपारी घराबाहेर पडण्याची सोय नसते. खिडकीला कूलर लावायचा, सतरंजी टाकायची आणि चौघांनी बसायचे, हा आमच्या घरचा रिवाज. अकोल्याहून बडनेऱ्याकडे अपडाऊन करणाऱ्या मंडळींनाही हा खेळ चांगला परिचित आहे. मांडीवर पेपर पसरला की मूर्तिजापूर कधी आले आणि कुरूम कधी गेले, हे कळत नाही. या खेळात सगळा जीव चार दश्श्यांत, म्हणजे मेंढ्यांत असतो. तीन मेंढ्या ज्या जोडीने धरल्या ती जिंकली, चारही धरल्या तर समोरच्यावर कोट. आता गंमत पाहा. ज्या पानाला एवढे मोल, त्या दश्शीला गुलाम खातो, राणी खाते, राजा खातो, एक्का खातो आणि हुकमाची दुर्रीसुद्धा कापते. मोल सर्वांत मोठे आणि संरक्षण जेमतेम. म्हणून तर मेंढी हातात आली की छातीत धडधडते आणि भिडूच्या तोंडाकडे पाहावे लागते. ज्याने कुणी हा नियम बसवला त्याला खेळ कशात असतो हे बरोबर कळले होते.

शिवाय हुकूम कसा ठरवायचा, हे पाने वाटण्यापूर्वी चौघे मिळून ठरवतात. बंद हुकूम खेळायचा, की ज्याला रंग नसेल त्याने टाकलेल्या पानाने हुकूम ठरवायचा, हे त्या सतरंजीवर ठरते. एखाद्या प्रकाराने मजा जाते असे वाटले तर पुढच्या डावाला तो बदलतात. आमचे आबाजी म्हणायचे, "पान आपलं असते, पण डाव साऱ्यायचा असते." मोबाईलच्या खेळात पान विकत घेतलेले असते आणि डाव कंपनीचा असतो. खेळणाऱ्यांनी मिळून नियम बदलण्याची जागाच तिथे उरलेली नाही.

आणखी मागे जायचे तर सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफाचे उदाहरण घ्यावे. गोल आकाराची, हाताने रंगवलेली ती एकशे वीस पाने आपण बहुधा चित्रकलेचा नमुना म्हणून पाहतो. पण तो खेळ आहे आणि विचारपूर्वक रचलेला खेळ आहे. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पाने. त्यातल्या पाच रंगांत दश्शी मोठी आणि एक्का लहान. उरलेल्या पाच रंगांत नेमके उलट, एक्का मोठा आणि दश्शी लहान. डावाची सुरुवात दिवसा रामाचे पान ज्याच्याकडे असेल त्याने करायची आणि रात्री कृष्णाचे पान ज्याच्याकडे असेल त्याने. एकाच पानाने नेहमी मिरवू नये, ही काळजी तिथे सूर्याला साक्षी ठेवून घेतलेली दिसते. आजच्या रचनाकारांना संगणक आहे, लाखो डावांची नोंद आहे. त्यांना सावकाराचे काय होईल हे दिसले नसेल, यावर विश्वास ठेवणे जड जाते.

तरीही त्यांच्या बाजूचा विचार करू. अशी पाने चुकूनही होतात, आणि ज्यांचा या धंद्यात मोठा अनुभव आहे त्यांच्याही हातून होतात. 'मॅजिक: द गॅदरिंग' हा अशा प्रकारच्या खेळांचा मूळपुरुष. रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाने रचलेला हा खेळ १९९३ साली बाजारात आला. आज तो कागदावरही खेळतात आणि संगणकावरही. त्यात ऑक्टोबर २०१९ मध्ये 'ओको' नावाचे पान आले. त्याची किंमतही तीनच. समोरच्याने कितीही मेहनतीने आणि कितीही महागडा राक्षस उभा केला तरी ओको त्याचे रूपांतर एल्क नावाच्या मोठ्या हरणात करी, ज्याच्या अंगी कोणताही खास गुण उरत नसे. मेळघाटात सांबर दिसले तर आपल्याला आनंद होतो. पण पटावर जिकडेतिकडे एकसारखी सांबरेच उभी राहिली तर इतर प्राण्यांना जन्माला घालण्यात काय अर्थ? अखेर १८ नोव्हेंबर २०१९ रोजी, म्हणजे साधारण सहा आठवड्यांत, मुख्य स्पर्धाप्रकारातून त्या पानावर बंदी आली. हे पान समोरच्याच्या राक्षसांवर किती सहज चालेल याचा आपल्याला पुरेसा अंदाज आला नाही, असे रचनाकारांनी जाहीरपणे लिहिले.

त्याच खेळात जून २०२४ मध्ये 'नाडू' नावाच्या पक्ष्याचे पान आले. या पानाचा दोष आमच्या सावकाराच्या फार जवळचा आहे. नाडू ज्याच्याकडे असे तो आपली एकच पाळी लांबवीत लांबवीत पान काढीत राही आणि समोरचा हात बांधून बघत बसे. त्या पानाला २६ ऑगस्ट २०२४ रोजी एका प्रमुख स्पर्धाप्रकारातून काढण्यात आले. रचनाकाराने लिहिले की पानावरचा मजकूर शेवटच्या टप्प्यात बदलला गेला आणि बदललेल्या रूपात ते खेळून पाहिलेच गेले नाही. आपल्या गॅदरिंगच्या नाटकात शेवटच्या तालमीनंतर अंक बदलला तर जे होते तेच इथे झाले.

या दोन उदाहरणांवरून मला दोन गोष्टी दिसतात. पहिली, वाईट पान ओळखता येते; त्यासाठी दिव्यदृष्टी लागत नाही. दुसरी, मनात आणले तर ते काढता येते. संगणकावरच्या 'मॅजिक'मध्ये बंदी आलेल्या पानाच्या बदल्यात त्याच तोलामोलाचे दुसरे पान घेण्याची सोय खेळाडूंना दिली जाते. 'हार्थस्टोन' या दुसऱ्या प्रसिद्ध खेळात पान कमजोर केले की काही दिवस त्या पानाची खेळातली पूर्ण किंमत परत मिळते. म्हणजे दुरुस्तीचे मार्ग माहीत आहेत, वापरात आहेत.

मग आमचा सावकार महिनोन्महिने पटावर का बसून आहे? याचे उत्तर मला पैशात दिसते. हे पान सुटे विकत मिळत नाही. बंद पाकिटे विकत घ्यायची, त्यात निघाले तर निघाले. पाकिटात ते निघण्याची शक्यता किती, हे विकत घेताना कुठे लिहिलेले दिसत नाही. सावकार जितका असह्य, तितकी पाकिटे जास्त खपणार, कारण सावकाराला सावकार हाच एक उपाय. आमच्या मजल्यावरच्या एका मुलाने मेसचे पैसे या पाकिटांत घातले. पुढे पंधरा दिवस तो दुपारी 'भूक नाही' म्हणत खोलीत बसे आणि रात्री आमच्यापैकी कुणाच्या तरी डब्यात जेवे. त्याच्या वडिलांची पाच एकर कोरडवाहू शेती आहे, कपाशी आणि सोयाबीनची. आमच्या हसण्यातला सावकार त्या दिवसापासून जरा कमी हसू आणू लागला.

यावर कुणी सांगेल की आता कायदा झाला आहे. खरे आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा मंजूर केला आणि पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांवर, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंदी आणली. त्यानंतर काही दिवसांतच मोठ्या कंपन्यांनी पैशांची रमी आणि तत्सम खेळ थांबवले. गावोगाव ज्यांची मुले रमीपायी बुडाली त्यांनी या कायद्याचे स्वागत केले, ते योग्यच. पण आमच्या खेळात पैसे जिंकायचे नसतात, फक्त घालवायचे असतात. पाकीट विकत घ्यायचे आणि चित्र मिळवायचे, हा व्यवहार त्या व्याख्येत सरळ बसत नाही. इतर देशांनी या पाकिटांचाही विचार केला आहे. पाकिटातून काय निघण्याची किती शक्यता आहे ते जाहीर करण्याची सक्ती चीनने २०१७ साली केली. बेल्जियमच्या जुगार आयोगाने २०१८ साली अशी पैसे देऊन उघडायची बंद पेटी जुगारातच मोडते असा निर्णय दिला. आपल्याकडे निदान शक्यता छापण्याची सक्ती व्हावी, ही मागणी अवास्तव म्हणता येणार नाही. बिस्किटाच्या पुड्यावर वजन छापलेले असते, पानाच्या पाकिटावर शक्यता का नसावी?

शेवटचा आक्षेप सर्वांत सोपा आणि म्हणून सर्वांत जोरात केला जातो: 'खेळच तो! पटत नसेल तर सोडून द्या.' अमरावतीत राहून तरी असे कुणी म्हणू नये. १९१४ साली स्थापन झालेल्या इथल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या खेळाडूंनी १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीचे प्रात्यक्षिक दाखवले. जो खेळ बर्लिनला गेला त्याच्या नियमांवर आधी आपल्या माणसांनी किती डोके चालवले होते! कबड्डीचे जुने तीन प्रकार जाणकारांना ठाऊक असतील. गामिनीत बाद झालेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेर बसायचा. अमरमध्ये बाद झालेला गडी मैदानातच राहायचा, फक्त गुण मोजायचा. संजीवनीत समोरचा गडी बाद केला की आपला बाद झालेला गडी जिवंत होऊन परत यायचा. आजच्या कबड्डीने संजीवनीचे तत्त्व उचलले आहे. बाहेर बसलेल्याला परत येण्याची आशा असली तर सामना शेवटच्या मिनिटापर्यंत जिवंत राहतो, हे मातीत खेळणाऱ्यांनी अनुभवाने शोधले. ते 'खेळच तो' म्हणून गप्प बसले असते तर आज कबड्डी आहे त्या रूपात दिसली नसती.

क्रिकेटमध्येही हेच घडले आहे. १ फेब्रुवारी १९८१ रोजी मेलबर्नला न्यूझीलंडला शेवटच्या चेंडूवर बरोबरीसाठी सहा धावा हव्या असताना ऑस्ट्रेलियाचा कर्णधार ग्रेग चॅपेलने आपल्या भावाला, ट्रेव्हरला, चेंडू जमिनीवरून सरपटत टाकायला सांगितले. तो चेंडू त्या वेळच्या नियमांत बसत होता. ऑस्ट्रेलिया जिंकली, पण जगभर छी-थू झाली आणि नियम बदलावा लागला. फलंदाजाला फटका मारण्याची संधीच नसेल तर नियमात बसणारा चेंडूही खेळाच्या बाहेरचा ठरतो, हे तिथे सर्वांना मान्य झाले. आमचा सावकार प्रत्येक पाळीला तोच चेंडू टाकतो आहे.

तेव्हा माझे म्हणणे तीन कलमांत मांडतो. पहिले, प्रत्येक पानाला त्याच खेळात, सहज मिळणाऱ्या पानांतून, तोड असलीच पाहिजे. दुसरे, पानावरचे वाक्य स्पष्ट हवे, कर्त्यासह हवे, आणि ते मराठीतही हवे. हे काम आपल्यासारख्या भाषेच्या विद्यार्थ्यांनी मागून घ्यावे इतके महत्त्वाचे आहे. तिसरे, पाकिटावर शक्यता छापलेली असावी आणि पान बदलले तर भरपाई मिळावी. कंपनी हे उद्या करील असे मी समजत नाही. तिला या आशयाचे पत्र मजल्यावरच्या बारा जणांच्या सह्यांनी पाठवले होते. 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे' असे यंत्राने लिहिलेले उत्तर एका मिनिटात आले. इथेही कर्ता नव्हताच.

तोपर्यंत आम्ही आमच्या परीने एक नियम केला आहे. मजल्यावरच्या आपापसातल्या डावात कुणीही जोडात सावकार ठेवायचा नाही. मोबाईल असा नियम मानत नाही, तो आम्हालाच मानावा लागतो. ज्याच्याकडे सावकार आहे त्याने जिंकण्याची खात्री स्वतःहून सोडायची, हे काही सोपे नाही. पहिल्या आठवड्यात दोघे रागावून उठून गेले. पण आता डाव अर्धा अर्धा तास चालतात, लोक मागे उभे राहून बघतात, 'हे पान टाक बे, ते ठेव' असे सल्ले देतात आणि हरलेला पुन्हा एक डाव मागतो. ज्या मुलाने मेसचे पैसे घालवले त्याच्याकडे सावकार आहे. तोही हा नियम पाळतो, आणि त्याच्या साध्या पानांच्या जोडाला हरवणे आमच्या मजल्यावर सध्या सर्वांत अवघड आहे.